शेवटच्या दिवशी दात काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन फुकटात दातांचे उपचार करणाऱ्या चर्चच्या टीमवर लेख आला होता, तो माझ्या भावानं मिरजेहून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि पाठोपाठ त्यावरची वाचकांची दोन पत्रंही पाठवली. एका काकांनी लिहिलंय की केवढं हे पुण्याचं काम, आपल्या डॉक्टरांनी यातून शिकावं. दुसऱ्या एकांनी लिहिलंय की दात काढायच्या नावाखाली हे लोक धर्म बदलायला जातात, यात कौतुक कसलं. मी या कामाला चार वेळा जाऊन आलेय, तीनदा समोआ आणि एकदा टोंगा, त्यामुळे दोघांनाही उत्तर द्यावंसं वाटलं. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला दाढेचा भाग तेवढा ठेवा.

मी डेंटिस्ट आहे. बीडीएस महाराष्ट्रातच केलं, लग्नानंतर ऑकलंडला आले, इथली परीक्षा पास होईपर्यंत ३ वर्षं गेली आणि आता १७ वर्षं साउथ ऑकलंडमध्ये प्रॅक्टिस करते. माझे निम्म्याहून जास्त पेशंट समोअन नाहीतर टोंगन, या लोकांची एवढी वस्ती त्यांच्या स्वतःच्या बेटांबाहेर दुसऱ्या कुठल्या शहरात नसेल. एका समोअन आजींना कवळी करून दिली तेव्हा त्यांनीच विचारलं की आमच्या चर्चची टीम दरवर्षी गावाकडे जाते, डेंटिस्ट कमी पडतात, येतेस का. मी म्हटलं आजी मी हिंदू आहे, आमच्या घरी गणपती बसतो. त्या म्हणाल्या, ज्याचा दात ठणकतोय तो तुला देव विचारणार नाही. अशी माझी पहिली फेरी झाली, २०१७ ला.

आधी धर्माचं बोलते. पत्र लिहिणाऱ्यांचा राग मी समजू शकते, आपल्याकडे मिशनरी म्हटलं की तो विषय येतोच. पण समोआत मिशनरी येऊन पोचले १८३० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सवाई बेटाच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा. टोंगाच्या राजानं, म्हणजे पुढे पहिला जॉर्ज तुपोऊ झाला त्यानं, १८३१ मध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आपल्याकडे पेशवाई जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती तेव्हापासून ते लोक ख्रिस्ती आहेत. टोंगाच्या १८७५ च्या राज्यघटनेत रविवार पवित्र आहे असं कलमच आहे, रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात. समोआनं तर २०१७ मध्ये घटनेत दुरुस्ती करून आपण ख्रिस्ती राष्ट्र आहोत असं लिहून घेतलं. तिथे जाऊन दातांच्या आमिषानं कोण कुणाला ख्रिस्ती करणार? हां, मेथॉडिस्ट, कॅथलिक, मॉर्मन, अ‍ॅडव्हेंटिस्ट अशी चर्चाचर्चांत आपापसात ओढाओढ असते ती मी पाहिलीय, आणि उपचाराच्या रांगेत पत्रकं वाटू नयेत हे माझं ठाम मत आहे आणि मी ते टीमच्या मीटिंगमध्ये बोललेही आहे. पण खरं दुखणं ते नाहीच. खरं दुखणं असं की आपण जातो, दात काढतो आणि परत येतो.

काम कसं चालतं ते सांगते म्हणजे कळेल. समोआतल्या उपोलू बेटावरनं सवाईला जायला फेरीबोट आहे, मुलिफानुआ ते सालेलोलोगा, तास-सव्वा तास लागतो. आमच्याबरोबर चौदा-पंधरा पत्र्याच्या पेट्या असतात, त्यात फोर्सेप म्हणजे दात काढायचे चिमटे, दात सैल करायचे एलेव्हेटर, भुलीची काडतुसं, सुया, ग्लोव्हज, कापूस, आणि दोन मोठे कुकर. हो कुकरच, आपल्या लग्नात भाताला असतो तसला, फक्त त्याला प्रेशरचं मीटर असतं आणि तो गॅसवर चढवून हत्यारं निर्जंतुक करायची. गावात वीज असते पण कधी जाईल नेम नाही. दवाखाना म्हणजे चर्चचा हॉल नाहीतर फाले, फाले म्हणजे त्यांचं पारंपरिक घर, वर छप्पर, भोवती खांब आणि भिंत एकही नाही. पेशंटला पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, खुर्ची भिंतीला नाहीतर खांबाला टेकवायची, मानेखाली उशी, आपल्या डोक्याला टॉर्च बांधलेला. लहान पोर असेल तर दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि पोराला दोघांच्या मांडीवर आडवं घ्यायचं. पहाटे पाचला लोक चटया घेऊन रांगेत बसलेले असतात, काही जण आदल्या रात्रीच आलेले, आणि मधूनच कुणीतरी गाणं धरतं की अख्खी रांग चार आवाजांत गायला लागते. तसं गाणं ऐकत मी आयुष्यात दुसरीकडे कुठे दाढ काढलेली नाही.

आणि दिवसभर काय, तर काढणं. काढणं, काढणं, काढणं. कारण आलेला माणूस महिनोन्महिने दुखणं सोसून आलेला असतो, दाताचं नुसतं मूळ उरलेलं असतं, हिरडीला पू झालेला असतो, तिथे दुसरं काही करता येत नाही. ते काम वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरला तर माणूस श्वास कोंडून जाऊ शकतो, आणि बेटावर तर मोठ्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल बोटीनं गाठायचं. एक दात वेळेत काढल्यानं जीव वाचतो हे मी स्वतः बघितलंय. पण टीमच्या रिपोर्टमध्ये, वेबसाइटवर, तुमच्या लेखातही, मोठा आकडा कसला येतो तर किती दात काढले त्याचा. हा आकडा वाढला की लोक टाळ्या वाजवतात. मला विचाराल तर पाच वर्षं एकाच गावात जाऊन तो आकडा वाढतच असेल तर ती लाजेची गोष्ट आहे.

आता दाढेचं. पहिल्या फेरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला एक आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. शाळेचा निळा स्कर्ट, कानामागे फूल खोवलेलं, गाल धरून उभी. तोंड उघडून बघितलं तर खालच्या उजव्या बाजूला सहा वर्षांची दाढ, म्हणजे कायमची पहिली दाढ, वरून अर्धी खाल्लेली. बऱ्याच आयाबापांना, आपल्याकडच्याही, हे माहीतच नसतं की ही दाढ सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. ती यायला आधी कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती पण दुधाचीच समजतात आणि पडेल म्हणून सोडून देतात. ती काही पडत नाही, ती साठाव्या वर्षापर्यंत भाकरी चावायला असते. कीड खोल होती पण रात्रीचं दुखणं नव्हतं, खाताना अन्न अडकलं की दुखायचं. हाताच्या हत्यारानं मऊ कीड खरवडून वर ग्लास आयोनोमरचं सिमेंट भरलं असतं तर माझ्या मते ती दाढ वाचली असती. याला ना ड्रिल लागतं ना वीज, ही पद्धत आफ्रिकेत टांझानियात ऐंशीच्या दशकात सुरू झाली आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाला डब्ल्यूएचओनं ती जगासमोर मांडली. पण आमचं सिमेंट आदल्या दिवशीच संपलेलं. कारण आणलंच होतं थोडं, पेट्या भरल्या होत्या त्या फोर्सेपनी. टीम लीडर म्हणाले काढून टाक, पुढच्या वर्षीपर्यंत पोरगी रडत बसेल. बाहेर रांग होती, चारला बोटीकडे निघायचं होतं. मी काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानात होतो. पुढच्या वर्षी त्याच गावात गेले तर ती मुलगी आली, ओळखून हसली, आणि डाव्या बाजूची तीच दाढ तशीच गेलेली. नऊ वर्षांचं पोर. ते तोंड आजही डोळ्यांसमोर आहे, कारण उजवीकडे मागची दाढ यायची होती आणि तिथे नुसती गुळगुळीत हिरडी होती, माझ्या हातची.

त्या दुसऱ्या फेरीत आमच्याबरोबर तिथल्याच जिल्हा हॉस्पिटलातल्या डेंटल थेरपिस्ट बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. डेंटल थेरपिस्ट म्हणजे मुलांच्या दातांचं काम करायला शिकवून तयार केलेली व्यक्ती, डेंटिस्ट नव्हे. ही कल्पना मुळात न्यूझीलंडची, १९२१ मध्ये इथे शाळांसाठी डेंटल नर्स तयार करायला सुरुवात झाली आणि ती पद्धत पुढे बऱ्याच देशांनी उचलली. तर त्या बाईंनी मला संध्याकाळी चहा देताना शांतपणे विचारलं, तुम्ही शनिवारी निघता, मग सोमवारी माझ्या दारात कोण येतं माहितीये का? दाढ काढल्यावर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरणाचं दुखतं, आम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणतो. ते दुखणं सुरू होतं तेव्हा टीम घरी पोचून फोटो टाकत असते. मुळाचा तुकडा आत राहिलेला, रक्त थांबत नाही, जबडा उघडत नाही, सगळं त्या एकट्या बाईंच्या वाट्याला. आणि त्यांच्याकडे टीमचा साधा कागद पण नसतो की कुणाचा कुठला दात काढला, कुठली भूल दिली. मी त्या दिवसापासून नियम केलाय, आणि आता आमच्या टीमचाही झालाय, की शेवटच्या दोन दिवसांत अवघड दाढ काढायची नाही. जीवावरचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. त्या दिवसांत फक्त तपासणी, सिमेंट, आणि आधी काढलेल्यांना परत बोलावून बघणं.

अजून एक गोष्ट त्या बाईंनी शिकवली जी मला ऑकलंडमध्ये राहूनही पुरती उमगली नव्हती. या बेटांवर संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं खूप आहेत, घसा दुखण्यापासून सुरू होणारा आजार, मुलांना दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. अशा मुलाचा दात काढला तर तोंडातले जंतू रक्तात जाऊन खराब झडपेवर बसू शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिकचा डोस द्यायलाच हवा. झडप बदललेला पेशंट रक्त पातळ करायची गोळी घेत असतो, त्याचा दात काढला की रक्त थांबायचं नाव नाही. यातलं पेशंट आपणहून काही सांगत नाही, आणि टीमकडे भाषा नसते. बाई रांगेतनं फिरायच्या आणि नुसतं बघून सांगायच्या, हा इंजेक्शनचा पोरगा आहे, त्याला बाजूला बसवा. शुगरवाल्यांचंही तसंच, डायबिटीस तिथे घरोघरी आहे, जखम भरायला वेळ लागतो. आम्ही शिकलेले डेंटिस्ट पाच जण होतो आणि त्या बाई नसत्या तर कुणाचं काय झालं असतं मला कल्पना करवत नाही.

आता हे दात एवढे किडतातच का, हा प्रश्न लेखात कुणी विचारलाच नाही. "तिथल्या लोकांना स्वच्छतेची जाणीव नाही" असं एक वाक्य होतं ते मला फार लागलं. १९३० च्या दशकात वेस्टन प्राइस नावाचे एक अमेरिकन डेंटिस्ट या बेटांवर फिरले होते, त्यांची बाकीची बरीच मतं आज कुणी मानत नाही, पण एक गोष्ट त्यांनी नेमकी टिपली, की जिथे बोटी लागतात, खोबरं घेऊन त्याच्या बदल्यात मैदा आणि साखर देतात, त्या बंदराजवळच्या लोकांचे दात किडलेत आणि आतल्या भागात मासे, नारळ, कंद खाणाऱ्यांचे धड आहेत. म्हणजे माणसं तीच, ब्रश दोघांकडेही नाही, फरक साखरेचा. आणि साखरेचं म्हणाल तर फिजीमध्ये ऊस लावायला आपल्याच देशातली माणसं बोटीत घालून नेली, १८७९ ला लिओनिडास नावाचं पहिलं जहाज गेलं, १९१६ पर्यंत साठ हजारांच्या वर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले. मी उसाच्या पट्ट्यातली आहे, कारखान्याच्या मळीचा वास आला की मला माहेर आठवतं, म्हणून मला हे जास्त जाणवत असेल.

आज गावातल्या दुकानात काय मिळतं तर बिस्किटं, लॉलीपॉप, गोड थंड पेयं आणि इन्स्टंट नूडल्स, ज्या पोरं कच्च्याच मसाला भुरभुरून खातात. ताजा भाजीपाला कमी आणि महाग. सरकारं काही करत नाहीत असंही नाही, समोआत गोड पेयांवर १९८४ पासून कर आहे, नाउरू या छोट्या बेटदेशानं २००७ मध्ये साखरेवर लावला. पण दुकान शाळेच्या दारात असतं हो. आणि चर्चमध्येही. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या रविवारी समोआत मुलांचा सण असतो, व्हाइट संडे, सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, त्यांना त्या दिवशी आधी जेवायला वाढतात, आणि मग गोड किती नि काय. सण करूच नका असं मी कशाला म्हणेन, माझ्या घरी २१ मोदक होतात. मी एवढंच म्हणते की रोजचं गोड वेगळं आणि सणाचं वेगळं हे पाद्रीबाबांनी वेदीवरून सांगितलं तर लोक ऐकतात, मी सांगितलं तर नुसते हसून मान डोलावतात. मिशनच्या टीमचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चर्चची टीम असल्यामुळे पाद्री, ज्यांना तिथे फाइफेआऊ म्हणतात, ते आपल्या शेजारी उभे राहतात आणि त्यांच्या शब्दाला गावात वजन असतं.

समोआत संध्याकाळी सा असते. दिवेलागणीला शंख फुंकतात नाहीतर घंटा वाजवतात, रस्त्यावरची माणसं थांबतात, घराघरात कुटुंब एकत्र बसून प्रार्थना म्हणतं, दहा-पंधरा मिनिटं गाव गप्प होतं. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला आमच्या आजीचं शुभंकरोति आठवलं, तिन्हीसांजेला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं ते. मी जेवताना सहज म्हटलं की सा नंतर जेवण आणि जेवणानंतर लगेच ब्रश असा क्रम लावून दिला तर? ती कल्पना गावातल्या महिला कमिटीनं उचलली. समोआत गावोगाव बायकांच्या आरोग्य कमिट्या आहेत, शंभरेक वर्षांपासून, घरं स्वच्छ आहेत का, बाळांना लस दिली का हे त्या बघतात, आपल्या बचत गटाच्या बायका नि अंगणवाडीच्या ताई एकत्र केल्या तर जे होईल ते. त्या बायकांनी शाळेतही सुरू केलं. वर्गाबाहेर फळीला खिळे मारले, खिळ्याला ब्रश, ब्रशला चिकटपट्टी, पट्टीवर पोराचं नाव. सकाळी प्रार्थनेनंतर सगळी पोरं ओळीत, वाटाण्याएवढी पेस्ट, वर्गाच्या बाई एक ते शंभर मोजतात, थुंकायचं आणि पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं.

मग मार्च २०२० मध्ये सगळ्या सीमा बंद झाल्या. समोआ आणि टोंगा थेट ऑगस्ट २०२२ ला उघडले. जवळपास अडीच वर्षं बाहेरची एकही टीम गेली नाही. मी २०२३ ला परत गेले तेव्हा मनाची तयारी करून गेले होते. त्या गावात फळी तिथेच होती. काही खिळे गंजलेले, पण ब्रश होते, नावं नवीन होती. आम्ही ठेवलेली पेस्ट पहिल्या काही महिन्यांतच संपली होती, पुढे कमिटीच्या बायकांनी विणलेल्या चटया विकून पेस्ट आणली. मी त्या फळीपुढे उभी राहून रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. शेजारच्या गावात, जिथे आम्ही फक्त दात काढले होते, तिथे रांग पूर्वीएवढीच होती.

हे काही मी शोधलेलं नाही. टोंगात मालिमाली नावाचा कार्यक्रम १९९८ पासून आहे, मालिमाली म्हणजे त्यांच्या भाषेत हसू. जपानी स्वयंसेवक डेंटिस्ट आणि टोंगाचं आरोग्य खातं यांनी मिळून सुरू केला, शाळेत ब्रश करणं, फ्लोराइडची चूळ, आरोग्याचे धडे. जपानी लोक वर्षानुवर्षं त्याच देशात येत राहिले आणि काम टोंगन माणसांच्या हातात देत गेले. व्हानुआतूमध्ये गुडफाला तुत स्कुल नावाचा कार्यक्रम आहे, बिस्लामा भाषेत तुत म्हणजे दात, तिथेही शाळेत रोज ब्रश. मी टोंगाला गेले तेव्हा लिआहोना हायस्कूलजवळचा मॉर्मन चर्चचा दातांचा दवाखाना बघितला, तिथे निवृत्त डेंटिस्ट नवरा-बायको वर्ष-दीड वर्ष येऊन राहतात. पंधरा दिवसांत पळणाऱ्या आमच्यापेक्षा ते मला कितीतरी बरं वाटलं, कारण काढलेल्या दाताचा तिसरा दिवस त्यांना बघायला मिळतो.

आणि मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. डॉक्टर वॉनलेस मिशनरीच होते, १८९४ ला त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उघडलं आणि १९२८ पर्यंत तिथेच होते. आमच्या घरात अजून "वॉनलेसला नेलं" असं म्हणतात, माझ्या पणजीचं ऑपरेशन तिथे झालेलं. त्यांच्या धर्माबद्दल आमच्या घरात कुणी काही बोललेलं मला आठवत नाही, ते राहिले आणि इथल्या पोरांना काम शिकवलं हेच ऐकत मोठी झाले.

ज्या मराठी डेंटिस्टना जावंसं वाटतं (लेखानंतर भावाकडे तिघांनी चौकशी केली) त्यांनी जरूर जावं, पण जाण्याआधी टीमला काही गोष्टी विचाराव्यात. तिथल्या सरकारचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन मिळतंय का. तिथला थेरपिस्ट किंवा डेंटिस्ट बरोबर आहे का आणि गाव कुठलं हे तो ठरवतो की आपण. पुढच्या वर्षी त्याच गावात जाणार का. सिमेंट किती नेताय, सिल्व्हर डायअमीन फ्लोराइड नेताय का, हे औषध नुसतं कापसाच्या बोळ्यानं लावलं तरी कीड थांबवू शकतं, फक्त किडलेला भाग काळा पडतो म्हणून आईला आधी दाखवून विचारायचं. ग्लास आयोनोमर आणि हे, दोन्ही २०२१ पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सुया आणि रक्ताचा कापूस परत कोण आणणार, कारण वीतभर बेटावर पुरायला जागा नसते. वाटायला नेलेले ब्रश लहान मुलांचे आहेत ना, एका टीमनं पेटीभर मोठ्यांचे कडक ब्रश नेलेले मी बघितलेत. याची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर तिकिटाचे पैसे तिथल्या थेरपिस्टच्या सामानाला पाठवा, ते जास्त कामी येतील.

पापुआ न्यू गिनीबद्दल थोडं, कारण तिथे मी गेले नाही पण माझी मैत्रीण यूथ विथ अ मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या जहाजावर जाऊन आली, जहाजातच दातांचा दवाखाना आहे. ती सांगते तिथे किडीइतकंच बुआईचं संकट आहे. बुआई म्हणजे सुपारी, चुन्याची पूड आणि नागवेलीच्या शेंगेसारख्या तुऱ्याबरोबर चघळतात, लहान पोरंसुद्धा, तोंडं लालभडक. तिथे बहुतेक लोक त्यात तंबाखू घालत नाहीत तरी तोंडाचा कॅन्सर प्रचंड आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलंय की सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते. आपल्याकडे २०१२ ला गुटखाबंदी झाली पण "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणारे आणि सकाळी मशेरी लावणाऱ्या मावश्या माझ्या माहेरी अजून आहेत. या कामात खरंच कुणाला शिकवता येईल असा अनुभव आपल्या डॉक्टरांकडे आहे, सुपारीनं तोंड पुरतं न उघडणारे पेशंट आपण रोज बघतो.

शेवटी एक दुरुस्ती छापावी ही विनंती. लेखात "फ्लोराइड हे विष असल्याने टीमने आयुर्वेदिक पेस्ट वाटली" असं कौतुकानं लिहिलंय. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि त्यानं दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं वाकतात, त्यामुळे आपल्या लोकांना ही भीती बसलीय ती खोटी नाही. पण प्रवाळाच्या बेटांवर लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून पितात, त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. तिथल्या मुलांना १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडचीच पेस्ट हवी, तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि मोठ्यांना वाटाण्याएवढी. ट्यूबवर आकडा छापलेला असतो, तो बघून घ्यावा. हा लेख वाचून कुणी पेट्या भरून बिनफ्लोराइडची पेस्ट पाठवायच्या आत ही चूक दुरुस्त व्हावी, म्हणून एवढं लिहिलं.

कळावे,
आपली वाचक,
एक दंतवैद्य, ऑकलंड (माहेर मिरज)